आदिवासी ज्ञान संग्रह आणि अभ्यासकक्ष: विद्यापीठ ग्रंथालयातल्या वर्षभराच्या कामाच्या नोंदी

पूर्व विदर्भातलं एक विद्यापीठ ग्रंथालय. गोंड, माडिया, कोलाम, परधान, कोरकू समाजांविषयीची पुस्तकं, ध्वनिफिती आणि वस्तू एका जागी आणायच्या आणि तिथेच बसून काम करता येईल असा कक्ष उभा करायचा, एवढं काम होतं. दुसऱ्या कुठल्या ग्रंथालयाने हे हाती घेतलं तर निदान याच खड्ड्यांत पडू नये म्हणून नोंदी ठेवल्या. आकडे आमच्या हिशेबवहीतले आहेत.

८ जानेवारी २०२४

मंजूर रक्कम ९,५०,००० रुपये. कागदावरची वाटणी अशी: खोली आणि फर्निचर ४,००,०००, पुस्तकं १,५०,०००, ध्वनिफिती-स्कॅनिंग २,००,०००, सर्व्हर आणि किरकोळ १,५०,०००, जाणकारांचं मानधन आणि प्रवास ५०,०००. शेवटचा आकडा उरलेल्या पैशांतून बसवला होता. सगळ्यात जास्त चुकला तोच.

जागा पहिल्या मजल्यावरची, जुन्या नियतकालिकांची, ३२ बाय २२ फूट. पहिल्याच बैठकीत टेबलांचा आराखडा काढायला बसलो. ही चूक नंबर एक. खोलीत काय ठेवायचं आणि ते कोणाला दाखवायचं, हे ठरायच्या आत खुर्च्या मोजून झाल्या होत्या.

२२ जानेवारी

आधी आपल्याकडे आहे काय ते शोधलं. दाखल नोंदवही, कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमधली यादी आणि प्रत्यक्ष रॅक असं तिन्हीकडे पाहिलं. चार जणांचे नऊ दिवस गेले. १,१४० पुस्तकं निघाली, पण एकाच विषयाची पुस्तकं इमारतभर पसरलेली. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात समाजांविषयीचं ३०५.८ मध्ये, लोककथा ३९८.२ मध्ये, गाणी ७८२.४२ मध्ये, जडीबुटी ६१५.८८ मध्ये, वनहक्क कायदा ३४६ मध्ये आणि गोंडी भाषा ४९४.८२३ मध्ये, म्हणजे तेलुगूच्या ४९४.८२७ च्या शेजारी. भाषाशास्त्राने ते बरोबर आहे, गोंडी द्राविडी कुळातलीच. पण पेरणीचं गाणं, ते ज्या पंडुमला (सणाला) म्हणतात त्याची माहिती आणि ते ज्या भाषेत आहे तिचं व्याकरण ही तीन पुस्तकं तीन मजल्यांवर.

कोरकूचं आणखी वेगळं. ती मुंडा कुळातली, म्हणून ४९५.९५. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात मुंडा आणि द्राविडी भाषा एकत्र आहेत, त्यामुळे कोरकू, कोलामी, गोंडी तिन्ही त्या एकाच पुस्तकात सापडतात. तो खंड कुठल्या क्रमांकाखाली ठेवायचा, यावर अर्धा दिवस वाद झाला.

३० जानेवारी

स्वतःचे विभाग पाडले. आधी समाजवार: गोंड, माडिया, कोलाम, परधान, कोरकू. तीन दिवसांत ते मोडलं. मोहाच्या झाडावरचं, बांबूवरचं, वनहक्कावरचं पुस्तक चार समाजांत विभागायचं कसं? आणि मोठी गोची परधानांपाशी झाली. गोंडांच्या कुळांची आणि देवांची गाथा परंपरेने परधान गातात. वेगळी कपाटं केली की गाणारा एकीकडे आणि ज्याचं गाणं तो दुसरीकडे.

मोहॉक समाजातले ग्रंथपाल ब्रायन डिअर यांनी १९७० च्या दशकात कॅनडात मूळनिवासींच्या संग्रहासाठी वेगळं वर्गीकरण केलं. त्यात समाज वर्णानुक्रमे न लावता एकमेकांच्या शेजारधर्माने लावतात. तो तक्ता आमच्या कामाचा नाही, पण शेजारधर्माची कल्पना उचलली. सात विभाग ठरले: जंगल-जमीन, कुळ-देव, भाषा, गाणी-कथा, हातकाम, औषधी, हक्क-कायदा. प्रत्येक विभागात समाज भूगोलाप्रमाणे, मेळघाटाकडून सुरुवात करून पूर्वेकडे छत्तीसगडातल्या अबूझमाडच्या दिशेने. जुना ड्यूई क्रमांक पुसला नाही, नव्या क्रमांकाच्या मागे तसाच ठेवला. उद्या योजना फसली तर पुस्तकं एका दिवसात मूळ जागी जाऊ शकतात. नवं वर्गीकरण करणाऱ्याने ही परतीची वाट ठेवावीच.

६ फेब्रुवारी

‘आदिवासी ज्ञान’चा संक्षेप म्हणून पाठपट्टीवर ‘आज्ञा’ छापलं. ४०० पट्ट्या छापून, त्यातल्या २६० चिकटवून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, कोणाची आज्ञा?” ज्यांच्यावर शंभर वर्षं नुसते हुकूमच सोडले गेले, त्यांच्या पुस्तकांच्या पाठीवर हा शब्द. पट्ट्या काढायला अडीच दिवस लागले. हेअर ड्रायरची गरम हवा मारून पट्टी सैल होते, पण जुन्या कापडी बांधणीचा रंगही सोबत येतो, अकरा पुस्तकांचा आलाच. नवा संक्षेप ‘आदि’. संक्षेप छापायच्या आधी चार जणांना मोठ्याने वाचायला लावा.

२६ फेब्रुवारी

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात कचारगडची यात्रा भरते. गोंडी साहित्य, कॅलेंडरं, लिपीच्या अंकलिप्या, कोया पुनेम या गोंडी धर्मावरच्या पुस्तिका तिथल्या दुकानांत मिळतात आणि एरवी कुठल्याच पुस्तकविक्रेत्याच्या यादीत नसतात. दोन दिवसांत २१२ शीर्षकं घेतली, ३१,४०० रुपये रोख. निम्म्यांना आयएसबीएन नाही, बऱ्याचशांवर प्रकाशनवर्षही नाही.

लेखा विभागाने पक्कं बिल मागितलं. जमिनीवर चादर टाकून बसलेला लेखक-प्रकाशक बिलपुस्तक कुठून आणणार? तोडगा निघायला सात आठवडे गेले: प्रत्येक विक्रेत्याच्या सहीची साधी पावती, त्यावर पुस्तकांची यादी आणि खरेदीला हजर असलेल्या तीन सदस्यांचं प्रमाणपत्र. हा नमुना जाण्यापूर्वीच मंजूर करून घेतला असता तर खिशातले पैसे अडकले नसते. प्रत्येकी दोन प्रती घ्या. पुस्तिका पिनांच्या असतात, पावसाळ्यात पिन गंजते आणि मधलं पान गळतं. आम्ही पिना काढून सुती दोऱ्याने शिवल्या, एका पुस्तिकेला साधारण १२ मिनिटं.

१८ मार्च

फर्निचरची निविदा १६ मार्चला लोकसभेच्या आचारसंहितेत अडकली. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपणार आणि खर्चाच्या त्या हेडमधले (लेखाशीर्षातले) ४ लाख परत जाणार. पुढच्या वर्षी वर्ग करून घेण्याचा प्रस्ताव त्याच रात्री टाइप केला, तो कसाबसा मंजूर झाला. प्रत्यक्ष ऑर्डर जूनमध्ये.

या अडकण्याने आमचं भलंच केलं. रिकाम्या तीन महिन्यांत जाणकार मंडळींना खोली दाखवायला बोलावलं. पाच गावांतले नऊ जण आले, त्यांतल्या चौघांना जिना चढताना त्रास झाला. एक आजीबाई पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, “वर तुम्हीच बसा.” त्या आठवड्यात पहिला मजला रद्द झाला. तळमजल्यावरची स्टेशनरीची खोली रिकामी करून घेतली, २८ बाय २० फूट. लहान आहे, पण दार थेट अंगणात उघडतं. पुस्तकांच्या वजनाची चिंताही संपली.

खोलीला ‘गोटूल’ नाव द्यायचा आमचा विचार होता, त्याला त्याच दिवशी नकार मिळाला. गोटूल ही गावाने मिळून बांधलेली, गावाच्या नियमांवर चालणारी जागा. सरकारी इमारतीतल्या खोलीला ते नाव कसं चालेल? पाटीवर आता नुसतं ‘आदिवासी ज्ञान अभ्यासकक्ष’.

१२ एप्रिल

संमतीपत्र. वकिलांकडून करून घेतलेला तीन पानी मराठी मसुदा घेऊन पहिल्या गावात गेलो. ‘अपरिवर्तनीय’, ‘हस्तांतरणीय’, ‘सर्वाधिकार’ हे शब्द वाचून झाले तेव्हा समोर शांतता. जमिनीचे कागद याच भाषेत येतात आणि पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी सही केली नाही आणि बरोबरच केलं.

दुसरा नमुना एका पानाचा. पाच प्रश्न: काय देताय, कोणी ऐकलं तर चालेल, कोणी ऐकू नये, नाव लावायचं का, परत मागायचं असेल तर कोण मागेल. तो गोंडीत किंवा माडियात वाचून दाखवायचा आणि उत्तरं तोंडीच रेकॉर्ड करायची. सही हवी असेल तर घ्यायची. पाचवा प्रश्न आम्ही सुचवलेला नव्हता, बैठकीत निघाला. पुढे सगळ्यात उपयोगी तोच पडला.

परवानगी एकट्या सांगणाऱ्याची की गावाची, हा खरा पेच. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१) मध्ये जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. म्हणून औषधी आणि कुळ-देव या दोन विभागांसाठी ग्रामसभेचा ठराव मागायचं ठरवलं. घरगुती गाणी, कथा, हातकाम यांना व्यक्तीची संमती पुरे.

चार पातळ्या ठरल्या आणि प्रत्येकीला रंगीत पट्टी. हिरवी म्हणजे सगळ्यांना खुलं. पिवळी म्हणजे कक्षात बसूनच. निळी म्हणजे गावाला विचारून. लाल म्हणजे बंद. पारंपरिक ज्ञानासाठीची ‘टीके लेबल’ नावाची आंतरराष्ट्रीय चिन्हं आम्ही स्वतःच लावून टाकणार होतो. नियम वाचल्यावर कळलं की ती लेबलं समाजाने लावायची असतात. ग्रंथालयाला फक्त ‘सूचना’ लावता येते. थांबलो.

९ मे

एका निवृत्त अभ्यासकाकडून १९८० आणि ९० च्या दशकांतल्या ८६ कॅसेटी मिळाल्या. ६० मिनिटांच्या ५२, ९० मिनिटांच्या ३४, एकूण १०३ तास. बाहेर पारा ४५ च्या वर. पहिल्या दिवशी टेबलावर ठेवलेल्या दोन कॅसेटींचं कवच दुपारच्या उन्हात वाकलं. त्यानंतर काम सकाळी ७ ते ११.

या कॅसेटींतलं पहिलं दुखणं म्हणजे आतला नमद्याचा छोटा तुकडा. फीत वाजवणाऱ्या यंत्राच्या (डेकच्या) हेडवर दाबून धरणारा. त्याचा गोंद सुकून तो गळून पडलेला असतो आणि आवाज एकदम दबका येतो. पाच स्क्रूच्या कॅसेटी उघडून फितीची दोन्ही चाकं नव्या कवचात बसवायची, वीस मिनिटांचं काम. चिकटवलेल्या कवचाची कॅसेट मात्र सांध्यावर पातळ पातं फिरवून फोडावी लागते. अशा ९ निघाल्या, त्यांतल्या एकीची फीत आमच्याच हाताने तुटली. ती कॅसेटींच्या स्प्लायसिंग टेपने जोडली. साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पसरून पुढच्या वेढ्याला धरतो.

दर तीन कॅसेटींनंतर हेड ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं.

९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, दोन चॅनलच्या वेव्ह फाइलला तासाला सुमारे २.०७ जीबी लागतात. १०३ तासांचे २१३ जीबी, तीन प्रतींचे ६४० च्या आसपास. डिस्क घेताना हा गुणाकार आम्ही केला नव्हता. एकच ५०० जीबीची आणली होती.

सगळ्यात मूर्ख चूक: डेकवरचं डॉल्बीचं (फितीची खरखर कमी करायचं) बटण चालू राहिलं. मूळ रेकॉर्डिंग साध्या यंत्रावरचं, डॉल्बीविना. त्यामुळे वरच्या पट्टीतला आवाज, म्हणजे टाळ्या, घुंगरं, श-स-च सगळं मेलं. १४ कॅसेटी झाल्यावर लक्षात आलं, सगळ्या पुन्हा केल्या. बटणावर आता लाल टेप आहे. १०३ तासांच्या कामाला प्रत्यक्षात २६० तास लागले.

२० जून

फाइली डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवल्या. बायकांनीच बायकांसमोर म्हणायच्या काही गाण्यांवर पिवळी पट्टी होती आणि सोबत ‘फक्त स्त्रियांसाठी’ अशी अट. फाइल बंद केली आणि निर्धास्त झालो. आठ दिवसांनी दिसलं की मदतनिसाने ‘सारांश’च्या रकान्यात अख्ख्या गाण्याचा मराठी अर्थ भरला आहे आणि तो रकाना जगाला खुला. शिवाय ज्या हस्तलिखित वह्या नंतर बंद केल्या, त्यांच्या आपोआप तयार झालेल्या लघुप्रतिमा आणि शोधासाठी काढलेला मजकूर जुन्याच परवानगीवर उघडे राहिले होते. मूळ फाइलची परवानगी बदलली की तिच्यातून निघालेल्या फाइलींची वेगळी बदलावी लागते. हे आम्ही तपासलं नव्हतं.

दुरुस्ती: पिवळ्या, निळ्या, लाल पट्टीच्या नोंदीत फक्त शीर्षक, गाव, भाषा, वर्ष. शीर्षकच गुपित सांगत असेल तर ‘गीत, क्रमांक अमुक’. आता प्रत्येक बंद नोंद लॉग-आउट करून, दुसऱ्या ब्राउझरमधून उघडून पाहिल्याशिवाय काम पूर्ण धरत नाही. त्या गावात जाऊन झाला प्रकार सांगितला. ऐकून घेतलं आम्हाला, पण पुढची तीन गाणी त्यांनी दिली नाहीत.

११ जुलै

फर्निचर आलं. विदर्भात आहोत तर बांबूचंच, असं मोठ्या उत्साहाने ठरवलं होतं. १४ बाकं, ६ बुटकी मेजं. तीन आठवड्यांत सहा बाकांखाली पिठासारखी भुकटी पडू लागली. घुण. बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून मग सुकवायचा असतो. ऑर्डरमध्ये ‘प्रक्रिया केलेला बांबू’ एवढंच लिहिलं होतं आणि पुरवठादाराच्या मते वरून मारलेलं व्हार्निश हीच प्रक्रिया. ऑर्डरमध्ये द्रावणाचं नाव, प्रमाण आणि भिजवण्याचे दिवस लिहा. सहा बाकं परत गेली, उरलेली आठ आठवडाभर पुस्तकांपासून दूर व्हरांड्यात ठेवून पाहिली.

घुणाची भीती पुस्तकांपेक्षा संग्रहातल्या टोपल्या, सुपं, बासऱ्या आणि भोपळ्याची वाद्यं यांना जास्त. त्यांच्यासाठी २१,५०० रुपयांचा चेस्ट फ्रीझर घेतला. वस्तू जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करायची, उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवायची, बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. उघडली तर बाहेरची दमट हवा थंड वस्तूवर दव धरते आणि बुरशीला आमंत्रण. पहिल्या सुपाचं तेच झालं. कातडं ताणलेला ढोल फ्रीझरात घातला नाही, तो नुसता वेगळा ठेवून महिनाभर पाहिला. डांबर गोळ्या बंद केल्या. कक्षात तासन्‌तास बसणाऱ्याच्या नाकातोंडात त्यांची वाफ जाते आणि बुरशीला त्या काही करत नाहीत.

जुलैत खोलीतली आर्द्रता ८२ टक्क्यांवर. एसी रात्री बंद होत असल्याने पहाटे पुन्हा चढायची. हवेतली ओल काढणारे दोन छोटे डीह्युमिडिफायर, रोज सुमारे ९ लिटर पाणी. रविवारी ते कोण ओतणार हे ठरवलं नव्हतं. पहिल्या रविवारी टाकी भरून यंत्रं आपोआप बंद पडली. आता नळी थेट मोरीत सोडली आहे.

९ ऑगस्ट

जागतिक आदिवासी दिनी कक्ष उघडला. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत सूचीच दुरुस्त करत होतो.

गोंडीच्या दोन लिप्या युनिकोडमध्ये आहेत: मसराम गोंडी २०१७ पासून आणि गुंजाला गोंडी २०१८ पासून. दोन्हींचं प्रत्येक अक्षर चार बाइटचं. आमच्या कोहाचा डेटाबेस वर्षानुवर्षं पुढे ओढलेला, त्यात अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीचा तीन बाइटांचा जुना प्रकार. शीर्षक गोंडी लिपीत टाकलं की त्या अक्षरापासून पुढचं सगळं गुपचूप कापलं जायचं. चूक झाल्याचा संदेशही नाही. ४३ नोंदी अशा अर्धवट झाल्यावर कळलं. सगळे तक्ते चार बाइटांच्या यूटीएफ-८ एमबी-४ मध्ये बदलले, आधी पूर्ण बॅकअप घेऊन. बदलायला चार तास, ४३ नोंदी पुन्हा भरायला दोन दिवस. मग कळलं की शोध लागत नाही, कारण झेब्रा या कोहाच्या शोधयंत्राची अनुक्रमणी आयसीयूवर (युनिकोड अक्षरं हाताळणाऱ्या व्यवस्थेवर) नव्हती. ती बदलून सगळं पुन्हा अनुक्रमित केलं. कक्षातल्या संगणकांवर या लिप्यांचे नोटो फॉन्ट घातले, तेव्हा कुठे चौकटी जाऊन अक्षरं दिसली.

भाषेच्या रकान्यात गोंडीला मार्क या सूचीनोंदींच्या मानकातला स्वतंत्र संकेत आहे, कोलामी आणि कोरकूला नाही. त्या ‘इतर द्राविडी’ आणि ‘इतर मुंडा’ यांत जातात. म्हणून ०४१ या भाषेच्या रकान्याचा दुसरा दर्शक ७ करून (म्हणजे संकेत मार्कबाहेरच्या यादीतले आहेत असं सांगून) आयएसओ ६३९-३ या भाषांच्या यादीतले संकेत टाकले. पंधरा मिनिटांचं काम, पण हे केल्याशिवाय ‘कोलामीतलं सगळं दाखवा’ असं विचारताच येत नाही.

२७ ऑगस्ट

व्यक्तिनामांची दुरुस्ती. सांगणाऱ्यांची नावं लेखकाच्या बरोबरीने मुख्य नोंदीत आणली. आधी ती ‘माहितीदार’ म्हणून टिपेत होती आणि मुलाखत घेणारा लेखक. एकाच नावाच्या माणसांत फरक करायला सूचीत जन्मवर्ष टाकतात. इथे मडावी, आत्राम, कोडापे ही आडनावं गावोगाव आणि वयस्कांची जन्मवर्षं अंदाजाची. शाळेच्या दाखल्यावर सगळ्यांची तारीख १ जून किंवा १ जुलै. म्हणून वर्षाऐवजी गाव. आडनाव पुढे ठेवलं ते मात्र फायद्याचं ठरलं: गोंडांत आडनावावरून देवांची संख्या आणि सगा (कुळांचा गट) कळतो, त्यामुळे कुळ-देव विभागात शोधणारा आडनावानेच येतो.

विषयशीर्षकांत ‘वन्य जमाती’, ‘आदिम टोळ्या’, ‘गुन्हेगार जमाती’ असे शब्द होते. दाखवायच्या शीर्षकातून काढले. पुसून टाकले नाहीत, अधिकृत नोंदीत ‘पाहा’ (जुन्या शब्दावरून नव्याकडे नेणारा निर्देश) म्हणून मागे ठेवले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १९५२ मध्ये तो रद्द होणं यावर काम करणाऱ्याला जुन्या शब्दानेच शोधावं लागतं.

१९ सप्टेंबर

वापर सुरू होऊन सहा आठवडे. खुर्च्या रिकाम्या, चटया भरलेल्या. चार टेबलांपैकी दोन काढली. शेजारच्या वाचनकक्षातून बोलण्याच्या तक्रारी. पण ही खोली बोलण्याचीच आहे, कॅसेट ऐकून एखादा शब्द शेजारच्याला विचारायचा नाही तर करायचं काय? भिंतीला ध्वनिरोधक फळ्या लावण्याचं दरपत्रक ९४,००० आलं. त्याऐवजी सामाईक भिंतीला पुस्तकांची कपाटं लावली आणि मधल्या दाराला दुहेरी गोधडीचा पडदा शिवून घेतला, ३,२०० रुपये. तक्रारी थांबल्या नाहीत, पण आठवड्याला एकदोनवर आल्या.

२२ ऑक्टोबर

१५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता, खरेदी पुन्हा ठप्प. पण या वेळचं दुखणं मानधन. जाणकारांना दिवसाचे १,२०० रुपये ठरले. पैसे खात्यातच जाणार. सहा जणांच्या खात्याची केवायसी संपलेली, दोघांकडे पॅन नाही. सगळ्यात उशिरा मिळालेलं मानधन ७३ दिवसांनी पोचलं. ज्याने जंगलात दिवसभर फिरून ४० झाडं दाखवली, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. आता सहायक ग्रंथपालाच्या नावे २५,००० चा अग्रिम, त्यातून त्याच दिवशी रोख आणि पावती. हे पहिल्या दिवशी करायचं काम होतं.

आजवरचा खर्च: फर्निचर आणि खोली २,८६,०००, पुस्तकं १,१८,०००, ध्वनिफिती आणि वस्तूंची निगा १,९३,०००, सर्व्हर वगैरे १,२४,०००, मानधन-प्रवास १,९१,०००. पन्नास हजारांचे जवळजवळ चारपट.

५ नोव्हेंबर

औषधी विभाग. एकाच झाडाची तीन गावांत तीन नावं आणि एकाच नावाची दोन झाडं. नुसतं नाव लिहून घेतलेल्या पहिल्या ६० नोंदी बाद केल्या. आता प्रत्येक झाडाची डहाळी फुला-फळासह दाबून वनस्पतिशास्त्र विभागाकडे जाते आणि तिथला नमुना क्रमांक नोंदीत येतो. मात्रा आणि बनवण्याची कृती सूचीत टाकत नाही. ते निळ्या पट्टीच्या बंद लखोट्यात, गावाचं नाव लिहून.

१४ डिसेंबर

पाचवा प्रश्न कामी आला. एका सांगणाऱ्याचं निधन झालं. त्यांनी ज्याचं नाव घेतलं होतं त्या नातवाचा निरोप: वर्षभर आजोबांचा आवाज कुठे वाजू नये. बंद करायला पाच मिनिटं लागतील असं वाटलं होतं, लागले दोन दिवस. फाइल सर्व्हरवर, बॅकअप डिस्कवर, कक्षातल्या ऐकण्याच्या टॅबवर आणि एका संशोधक विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवर. शेवटची प्रत कोणाच्याच नोंदीत नव्हती. त्या दिवसापासून ‘प्रतींची वही’ सुरू केली: फाइल क्रमांक, प्रत कुठे, कोणी नेली, कधी परत. साधी दोनशे पानी वही, ४५ रुपये.

हंगामी बंधनांचंही असंच. काही गाणी त्या त्या पंडुमच्या दिवसांतच वाजवायची अट आहे. तारखा गावागणिक बदलतात, त्यामुळे संगणकावर आपोआप कुलूप लावून भागत नाही. गावातून फोन आला की हाताने उघडतो, दुसरा फोन आला की बंद. यंदा एकदा बंद करायला विसरलो, चार दिवस.

२० जानेवारी २०२५

८६ पैकी १९ कॅसेटींवर गाव, नाव, तारीख काहीच नव्हतं. त्या घेऊन तीन गावांत ऐकण्याच्या बैठका केल्या. सातांची ओळख पटली. एकीत गाण्यात नाल्याचं नाव आलं, त्यावरून गाव कळलं. दुसरीत मागे ओरडणाऱ्या माणसाचा आवाज त्याच्या बहिणीने ओळखला. बैठकीत लॅपटॉपचा स्पीकर पुरत नाही, १५ वॉटचा बॅटरीवरचा स्पीकर न्या. सलग वाजवू नका, दर दोन मिनिटांनी थांबा, कारण ओळख पटली की लोक बोलू लागतात आणि पुढचं कोणी ऐकत नाही.

उरलेल्या १२ वर लाल पट्टी. पुढची बैठक फेब्रुवारी संपायच्या आत घ्यायची आहे. मार्चमध्ये मोह गळायला लागला की दिवसा गावात कोणी सापडत नाही, आणि त्यामागोमाग तेंदूपत्ता.